एक जूनवाले

आमच्या जामखेड तालुक्यात सगळ्यात जास्त बाळंतपणं कोणत्या दिवशी झाली, हे शोधायला फार कष्ट नाहीत. १ जून. साल कुठलंही घ्या. त्या एका दिवशी खर्ड्यापासून चौंडीपर्यंत वस्तीवस्तीवर पाळणे हलले, सुइणींना पाणी प्यायला सवड मिळाली नाही, आणि २ जूनला मात्र सगळ्या तालुक्यात एक लेकरू जन्मलं नाही. निदान शाळेचे दाखले तरी असं म्हणतात, आणि शाळेच्या दाखल्यापुढं आईला आपल्याकडं कुणी विचारत नाही.

यामागचं शास्त्र साधं होतं. शाळा जूनमध्ये भरायची. त्याआधी गुरुजी पोरं गोळा करत फिरायचे. पोरगं समोर उभं करायचं आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. पट कमी पडत असेल तर गुरुजी मान थोडी वाकडी करू द्यायचे. मग आईला जन्मतारीख विचारायची. ती सांगायची, "ज्वारी हुरड्यात आल्ती तवा झाला बघा." रजिस्टरच्या रकान्यात हुरडा बसत नव्हता. गुरुजींनी बोटांवर सहा वर्षं मागं मोजली, १ जून लिहिलं आणि पुढच्या पोराला कान धरायला लावला. दोन भाऊ एकाच दिवशी शाळेत घातले तर दोघांची तारीख एकच. आमच्याकडं अशी कागदावरची जुळी पुष्कळ आहेत. त्यातला थोरला धाकट्यापेक्षा दीड-दोन वर्षांनी मोठा असतो, एवढाच फरक.

त्या पोरांपैकी जी शिकली, सरकारी नोकरीत चिकटली, त्यांचं पुढं काय होणार हे त्या रकान्यातच ठरून गेलं. महाराष्ट्रात शिपाई वर्ग सोडला तर ५८ व्या वर्षी घरी. ज्या महिन्यात ५८ पुरी होतील त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पण निवृत्तिवेतनाच्या नियमांत एक मेख आहे. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निरोपाचा नारळ. म्हणजे १ जूनवाले सगळे ३१ मेला. गुरुजी, बाई, तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, कारकून, सगळे एका दिवशी, एका झाडाचे आंबे उतरवावेत तसे.

आणि नेमकी ३१ मे ही अहिल्यादेवी होळकरांची जयंती. चौंडी आमच्याच तालुक्यात. दरवर्षी त्या दिवशी चौंडीच्या रस्त्यावर मंत्र्यांच्या गाड्या, पोलीस, भंडारा, ढोल आणि पिवळे झेंडे. २०२३ साली याच दिवशी चौंडीत मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करणार असं जाहीर केलं. २०२५ साली जयंतीचं तीनशेवं वर्ष, तेव्हा तर मे महिन्यात सबंध मंत्रिमंडळच बैठकीला चौंडीत येऊन बसलं होतं. अशा दिवशी तुम्ही तुमच्या सेवापूर्ती सोहळ्याला प्रमुख पाहुणा शोधायला निघालात, तर तो मिळेल का? मिळतो. चौंडीत ज्याला स्टेजवर खुर्ची मिळाली नाही, तो मिळतो.

माझं सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्याला झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, फ्लेक्सचं डिझाइन. जानेवारी लागला की माझ्याकडं पेन्शनचा हंगाम सुरू होतो. तालुक्यात यंदा कोण निवृत्त होणार हे त्यांच्या साहेबांच्या आधी मला कळतं. माणूस सेवापुस्तक छातीशी धरून येतो आणि 'जपून, पानं सुटतील' असं तीनदा सांगतो. त्या पुस्तकात त्याची उभी नोकरी असते: कधी लागला, कुठं बदली, कुठली वेतनवाढ, कुठली रजा. आणि हमखास कुठंतरी एका वर्षाची सेवा पडताळल्याची सही नसते. मग ती सही शोधायची. सही करणारे साहेब दहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन नगरला सावेडीत राहायला गेलेले असतात. निवृत्त होण्यासाठी आधी निवृत्त झालेल्या माणसाला शोधत फिरावं लागतं, असं हे काम आहे.

मग 'काही येणे नाही' असा दाखला. एका बाईंना त्यांच्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमधला पृथ्वीचा गोल सापडत नव्हता. नोंद होती, वस्तू नव्हती. बाई दोन दिवस माझ्या दुकानात बसून माजी विद्यार्थ्यांना फोन लावत होत्या. "अरे, चौथीत असताना तू पृथ्वी घरी नेली होतीस का?" पलीकडचा गडी आता मुंबईला टेम्पो चालवतो. तो म्हणाला, "बाई, मी फक्त डस्टर नेलं होतं." शेवटी गोल शाळेच्याच माळ्यावर निघाला. आफ्रिकेला उंदरांनी भोक पाडलं होतं, पण रजिस्टरला खंडांशी देणंघेणं नसतं. पृथ्वी जमा झाली आणि बाई मोकळ्या झाल्या.

भूगोल मोठ्या माणसांनाही सुटत नाही. आमच्या विंचरणा नदीचा धबधबा सौताड्याला, म्हणजे पाटोदा तालुक्यात, बीड जिल्ह्यात. पावसाळ्यात आम्ही गाडीला किक मारून भजी खायला तिथं जातो. पण तिथला राज्य सरकारी माणूस निवृत्त झाला की त्याचे कागद नागपूरच्या महालेखापालांकडं आणि आमचा झाला की मुंबईच्या. शेजारशेजारच्या बांधावरचे दोन मावसभाऊ एका दिवशी निवृत्त होतात आणि एकाचं लक्ष पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला लागून राहतं. दोघांचंही हल्ली आधी मोबाइलकडंच लागतं म्हणा.

या सगळ्या कागदांत मला आवडतो तो जोडफोटो. पेन्शनच्या प्रस्तावाला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. लग्नातल्या फोटोनंतर दोघांचाच असा हा पहिलाच असतो. मधले सगळे घोळक्यातले: पोरांच्या लग्नात, सत्यनारायणाला, अष्टविनायकाच्या बसपुढं. आता स्टुलावर दोघंच, मागं निळा पडदा. मी म्हणतो, "जरा जवळ सरका." तर एक गुरुजी म्हणाले, "सरकारी कामाला जवळ लागतंय होय?" काकूंनी मात्र मला विचारलं, "ह्यांच्या पेन्शनीला माझा फोटो कशाला रे?"

मी सांगितलं, की गुरुजींच्या माघारी पेन्शन तुम्हाला चालू होते, तेव्हा ओळख पटवायला.

काकूंनी क्षणभर विचार केला. मग पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मग ह्यांचा कसाबी येऊ दे. माझा नीट काढ."

सेवापूर्ती सोहळा हा एक वेगळाच ताप. ३१ मे म्हणजे लग्नसराईचं शेपूट, मंगल कार्यालयं भरलेली. म्हणून चार-पाच जण मिळून एक हॉल घेतात. ऊन चाळिशीच्या पार, आणि प्रत्येक माणूस येऊन उत्सवमूर्तीला शाल पांघरतो. एकावर एक शाली, वर फेटा, हातात नारळ, समोर कूलर तोही पाहुण्यांकडं तोंड करून. भाषणात प्रत्येक वक्ता सांगतो की सर निवृत्त होत नाहीत, सरांची दुसरी इनिंग सुरू होतेय. पहिल्या इनिंगमध्ये सरांनी काय केलं हे सांगायची जबाबदारी सरांच्या साडूवर असते आणि तो ते अर्धा तास सांगतो. मग जेवण: मसालेभात, बुंदी, वांग्याची भाजी. शाली मात्र फुकट जात नाहीत. घडी मोडली नाही तर एक शाल आमच्याकडं चार निवृत्त्या, दोन वाढदिवस आणि एक वास्तुशांत आरामात पार पाडते. एका भाऊसाहेबांनी २०२२ साली दिलेली शाल त्यांच्याच सोहळ्यात त्यांच्याच खांद्यावर परत आली. कोपऱ्यावर त्यांच्याच पेनचा डाग होता. त्यांनी ती नमस्कार करून घेतली.

एक गोष्ट मात्र मला दरवर्षी खटकते. ज्या अहिल्यादेवींच्या जयंतीला आम्ही ही माणसं घरी पाठवतो, त्यांना स्वतःला निवृत्ती माहीत नव्हती. १७६७ साली कारभार हाती घेतला तो १७९५ साली डोळे मिटेपर्यंत. वय सत्तर. आमचा नियम लावला असता तर ३१ मे १७८३ ला महेश्वरला शाल-श्रीफळ झालं असतं, आणि पुढची बारा वर्षं संस्थानचा कारभार प्रभारी अधिकाऱ्यावर चालला असता. प्रभारी अधिकारी घाट बांधत नाही, तो फाइल पुढं पाठवतो.

बरं, हे वयाचं खूळ आपलं एकट्याचं नाही. जर्मनीत बिस्मार्कनं १८८९ साली कामगारांच्या म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा वय ठेवलं ७०. ते ६५ वर यायला १९१६ साल उजाडलं. कायदा करताना बिस्मार्क स्वतः ७४ वर्षांचा होता आणि खुर्ची सोडायचं नाव काढत नव्हता. पुढच्याच मार्चमध्ये एकतीस वर्षांच्या कैसरनं त्याला राजीनामा द्यायला लावला. जन्मतारीख बघाल तर १ एप्रिल. त्याचेही कुणी गुरुजी असणार.

आमच्याकडं ५८ चं ६० करा ही कर्मचाऱ्यांची मागणी जुनी आहे. केंद्रानं १९९८ मध्येच ६० केलं. या मागणीवर माझ्या दुकानात रोज चर्चा असते, आणि मी एक बघून ठेवलंय. माणूस ३० मेपर्यंत ६० च्या बाजूनं असतो. अनुभव, परिपक्वता, केंद्राचं उदाहरण, सगळं तोंडपाठ. १ जूनला तोच माणूस म्हणतो, "तरण्या पोरांना जागा मोकळ्या झाल्या पाहिजेत. माझाच पोरगा तीन वर्षं परीक्षा देतोय." त्यात शिपाई वर्गाला ६० वर्षं आहेतच. त्यामुळं साहेब आणि त्यांचा शिपाई एकाच दिवशीच्या जन्माचे असतील, तर साहेब घरी जातात आणि शिपाई दोन वर्षं मागं उरतो. मग साहेब पेन्शनच्या कामासाठी त्याच कचेरीत येतात तेव्हा शिपाई स्टूल पुढं सरकवून म्हणतो, "बसा साहेब. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

आता खऱ्या वयाचं काय, हा प्रश्न राहतोच. आमचे एक गुरुजी दाखल्यावर १ जून १९६७ चे. त्यांच्या आई अजून आहेत, आणि त्यांना तारीख माहीत नसली तरी कोयनेचा भूकंप लख्ख आठवतो. "भांडी वाजली तवा तू माझ्या पोटात व्हतास." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे सहा महिन्यांचं बाळ सरकारी कागदावर रांगत होतं तेव्हा खरं बाळ पोटातच होतं. "सरकारनं माझे निदान सहा महिने खाल्ले," असं गुरुजी माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणतात. पण जन्मतारीख दुरुस्त करायची तर अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. त्या पाच वर्षांत कोण तारीख बघतो? त्या वयात माणूस मुलगी बघत असतो.

एक महिना चुकीचा लिहिला म्हणून भाग्य उघडलेलेही आहेत. सरकारी वेतनवाढ बहुतेकांना १ जुलैला मिळते. एखाद्या गुरुजींनी जूनऐवजी १ जुलै लिहिलं असेल, तर तो माणूस ३० जूनला निवृत्त होतो. त्याचं वर्ष पुरं भरलेलं, पण वाढ दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीत नाही. यावर लोक कोर्टात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वर्षभर काम केलंय, वाढ द्या. १ जुलैवाले खूश. १ जूनवाल्यांचे अकराच महिने भरतात, त्यांना काहीच नाही. दोघांनाही जन्म कधी झाला ते ठाऊक नाही, पण एकाला पेन्शनीत त्याचे पैसे मिळतात.

मास्तर लोकांची निवृत्ती सगळ्यात फसवी. ३१ मेला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणजे माणूस निवृत्त होतो त्या दिवशी तो आधीच महिनाभर घरी असतो. १ जूनला वाढदिवस. व्हॉट्सॲपच्या गटावर निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांना शुभेच्छा देतात आणि त्यांच्याकडून परत घेतात. केक, फोन, शाली आवरणं, पाहुण्यांना एसटीत बसवणं. पहिला पंधरवडा असा निघून जातो आणि गुरुजी सगळ्यांना सांगत सुटतात, "निवृत्ती म्हणजे काही विशेष नसतं हो. मला तर काहीच वाटलं नाही."

जूनच्या मध्यावर शाळा उघडते.

त्या सकाळी कोयनेवाले गुरुजी सहाला उठले, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि मोटरसायकल बाहेर काढली. काकू दारात येऊन म्हणाल्या, "कुठं?" गुरुजींना सांगता येईना. ते तसेच माझ्या दुकानात आले. मी शटर अर्धंच वर केलं होतं. "काही झेरॉक्स?" मी विचारलं. त्यांनी खिशातून आधार कार्ड काढलं आणि म्हणाले, "काढ दोन." मग ते बाकावर बसून रस्त्यानं जाणारी नव्या दप्तरांची पोरं बघत राहिले आणि प्रत्येकाची इयत्ता बरोबर ओळखून मला सांगत राहिले. पुढं कितीतरी दिवस त्यांनी रोज सकाळी आधारच्या दोन प्रती काढल्या. मी पैसे घेतले नाहीत, त्यांनी प्रती नेल्या नाहीत.

दरम्यान त्यांनी घराकडं मोर्चा वळवला. जो माणूस ३५ वर्षं घंटेवर जगला, त्याला असं दिसून आलं की घरात घंटाच नाही, तरी सगळं वेळेवर होतंय. हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या: तूरडाळ, हरभराडाळ, साखर. काकू तीस वर्षं डोळे झाकून साखरेला हात घालत होत्या, त्यांना आता वाचून घ्यावं लागायला लागलं, कारण गुरुजींनी डबे वर्णानुक्रमे लावले होते. मग भाकरीची चौकशी निघाली.

"रोज किती थापता?"

"सात."

"खाल्ल्या जातात सहा. एक कुठं जाते?"

"कुत्र्याला."

"त्याची नोंद?"

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः माझ्या दुकानात आल्या. यापूर्वी त्या फक्त जोडफोटोला आल्या होत्या. म्हणाल्या, "हे एक वेळापत्रक घेऊन येतील बघ, स्वयंपाकघरात लावायला. झेरॉक्स पाहिजे तेवढ्या दे. पण लॅमिनेशन करू नको. कागद असला तर फाडता येतो."

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात हसण्यासारखं कमी आहे. राज्यात उपदानाची कमाल मर्यादा आता २० लाख आहे. शिवाय भविष्य निर्वाह निधी, गटविमा, पेन्शनचं अंशराशीकरण. पैसे खात्यावर आल्याचं बँकेच्या मेसेजआधी भाच्यांना कळतं. प्लॉटवाला येतो, एनए होणार आहे म्हणतो. कुठल्याशा पतसंस्थेचा माणूस बँकेपेक्षा चार टक्के जास्त सांगतो, आणि त्याच्या संस्थेचं कॅलेंडर इतकं जाड आणि गुळगुळीत असतं की संशय यायला पाहिजे. येत नाही. उरलेले पैसे पुण्यात मुलाच्या फ्लॅटला जातात. मग गुरुजी महिनाभर राहायला म्हणून वाघोलीला जातात आणि विसाव्या दिवशी परत येतात, कारण लिफ्टमध्ये कुणी "रामराम गुरुजी" म्हणत नाही.

आणि या पंगतीत जे बसलेच नाहीत, त्यांचंही बघायला पाहिजे. माझ्या दुकानात एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर येतात. आमच्याकडं कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे लालपरीचीही तारीख तीच. ती अजून धावतेय. मास्तरांना पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून, आणि तिथं किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर बसलेली आहे. मास्तरांना त्याहून थोडी जास्त मिळते. किती, ते विचारलं तर मास्तर हसून म्हणतात, "सुट्टे पैसे." १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या सरकारी नोकरांचं दुखणं निराळं. त्यांची जुनी पेन्शन गेली, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना यातलं काहीच लागू नाही. कोयता हातातून सुटतो तेव्हा ती निवृत्ती.

पण जामखेडात एक वर्ग असाही झाला, ज्यांना निवृत्त करणं कुणाला जमलं नसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली इथं आले आणि त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं: बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी. जगभरचे डॉक्टर हे बघायला जामखेडला आले. या बायकांतल्या पुष्कळ जणी शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. शाळा नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून १ जून नाही, आणि १ जून नाही तर ३१ मे कुठून आणायचा? त्यांतल्या कित्येक जणी केस पांढरे झाले तरी दारोदार जात राहिल्या. गुरुजींच्या हाताला त्यांचा कान लागला नाही, हे एका परीनं बरंच झालं.

गुरुजींना मात्र सगळ्यांत जास्त लागलं ते एसटीत. ऑगस्टमध्ये दोघं नगरला निघाले. कंडक्टरनं काकूंना अर्धं तिकीट दिलं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं. गुरुजींनी ऐटीत सांगितलं, "मी सेवानिवृत्त आहे." कंडक्टर म्हणाला, "पासष्टचे आहात का? नाही? मग फुल." गुरुजींनी दुकानात येऊन मला कागदावर मांडून दाखवलं. सरकारच्या लेखी माणूस ५८ ला कामासाठी म्हातारा होतो. ६० ला बँकेत ज्येष्ठ होतो. ६५ ला एसटीत अर्धा होतो आणि ७५ ला फुकट. मधली दोन वर्षं तो कुणीच नसतो. ना नोकरदार, ना ज्येष्ठ. "आणि मी तर," गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले, "आईच्या हिशेबानं अजून ५८ चाही झालेलो नाही." कागद त्यांनी जपून घडी करून नेला. लॅमिनेशन करू का, असं मी विचारलं नाही.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत यादीपुढं सही केली तरी भागतं, पण गुरुजींना ऑनलाइनच करायचं होतं, कारण यादीवर त्यांचं नाव तळाला होतं. त्यांनी माझ्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, जुळत नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. खडू धरून रेषा गुळगुळीत झाल्या असतील, किंवा काकूंनी दिलेले लसूण सोलून. काकू बाकावर बसून हे सगळं बघत होत्या, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन.

मग मी मोबाइलवर चेहऱ्याची पद्धत काढली. २०२१ पासून तीही चालते. "गुरुजी, कॅमेऱ्याकडं बघा आणि डोळे मिचकवा."

गुरुजी ताठ बसले. ३५ वर्षं वर्गावर डोळे रोखून बसलेला माणूस, त्याला पापणी हलवायची कशी ते जमेना. स्क्रीनवर पुन्हा पुन्हा तेच: कृपया डोळे मिचकवा. मागं लाइन लागली होती.

"अहो, मिचकवा की," काकू म्हणाल्या. "पोरीचं स्थळ बघायला आलेल्यांसमोर मला मिचकावत होता तसं."

गुरुजी हसले, पापण्या हलल्या, आणि मोबाइलनं हिरवी खूण दाखवली. गुरुजी हयात असल्याचं केंद्र सरकारच्या सर्व्हरनं मान्य केलं. मी प्रिंट काढून दिली. गुरुजींनी चष्मा लावून ती वाचली, जन्मतारखेपाशी थांबले, पण काही बोलले नाहीत.

"किती झाले?"

"वीस रुपये."

"आणखी एक प्रत काढ," ते म्हणाले. "घरात लावायची आहे."

काकूंनी पिशवी उचलली. "हिला मात्र लॅमिनेशन कर रे," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून पैसे काढून काउंटरवर ठेवले.